सादरीकरण, अभ्यास आणि माहितीची साठवण : आपल्या कामाला साजेसं डिजिटल साधन कसं निवडावं

यावल तालुक्यातल्या एका गावात केळी उत्पादकांची बैठक होती. करपा रोगावर मी माहिती द्यायची होती. दोन रात्री बसून पंचवीस स्लाइड केल्या होत्या. मंदिराच्या सभामंडपात पडदा लावला, दुसऱ्याचा लॅपटॉप जोडला आणि पहिल्याच स्लाइडवर ‘करपा’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची रांग उमटली. मी जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलं होतं आणि तो फॉन्ट त्या लॅपटॉपवर नव्हता. समोर साठेक शेतकरी बसलेले. शेवटी एका जिभाऊंनी शेजारच्या बागेतून करप्याची चार पानं आणली, ती हातात धरून मी बोललो. बैठक पार पडली. पण दोन रात्रींची मेहनत लॅपटॉपच्या आतच राहिली, याची चुटपुट अजून आहे.

तेव्हापासून कुठलंही साधन घ्यायचं तर मी एक ठरावीक क्रम पाळतो. शाळेतले सहकारी, अभ्यासिकेतली मुलं, गीतं गोळा करणाऱ्या ताई, ज्यांनी ज्यांनी ‘सर, कोणतं ॲप घेऊ?’ असं विचारलं त्यांना हाच क्रम सांगत आलो. तो इथे सविस्तर लिहितो.

पहिली पायरी : कागदावर एक वाक्य

मोबाईल बाजूला ठेवा. कागदावर एका वाक्यात काम लिहा. त्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत : कुणासाठी, कुठे, कोणत्या यंत्रावर आणि किती काळ टिकायला हवं. ‘प्रेझेंटेशन करायचं आहे’ हे वाक्य पुरत नाही. ‘गावातल्या साठ शेतकऱ्यांना, दुपारच्या उजेडात, दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून, एकदाच दाखवायचं आहे’ हे पुरतं. ‘शहाद्याच्या अभ्यासिकेत, स्वतःच्या मोबाईलवर, दीड वर्ष रोज अर्धा तास उजळणी करायची आहे’ हेही पुरतं. ‘कानबाईची गीतं आवाजासकट जपायची आहेत, नातवंडांनाही ऐकू आली पाहिजेत’ हे तिसरं वाक्य आहे (कानबाई म्हणजे खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी).

ही तीन कामं तीन स्वभावांची आहेत. पहिल्याला एका तासापुरतं साधन चालतं, दुसऱ्याला दीड वर्षाचं लागतं, तिसऱ्याला आपल्यापेक्षा जास्त जगणारं हवं. तिन्हींसाठी एकच ॲप शोधायला निघालात तर तिन्ही कामं अर्धवट राहतील. ‘सगळं एकाच ठिकाणी’ अशी जाहिरात करणाऱ्या साधनांपासून मी नवख्या माणसाला आधी दूरच ठेवतो.

दुसरी पायरी : चार तपासण्या

आता साधन उघडा. त्यात काम सुरू करण्याआधी वीस मिनिटं या तपासण्यांना द्या.

*मराठी नीट उमटतं का?* हे वाक्य टाइप करून बघा : ‘दुसऱ्या शेतकऱ्याने ऑक्टोबरच्या सुट्टीत ॲपवर केळीच्या करप्याचा, यज्ञाचा आणि वाङ्मयाचा तऱ्हेतऱ्हेचा तपशील लिहिला.’ यात ऱ्या, ऑ, ॲ, ट्ट, ज्ञ, ङ्म आणि ळ आले आहेत. मोडकी साधनं यापैकी कुठेतरी अडखळतातच. ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, जोडाक्षर सुटून हलन्त दिसतं किंवा मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. मग तेच वाक्य पीडीएफ करून, दुसऱ्या मोबाईलवर पाठवून पुन्हा वाचा.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण आपली निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, माझ्या सभामंडपात झालं तेच. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून फॉन्ट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो, गुगलवर शोधता येतो आणि मोबाईलवर वाचता येतो. मुक्त, नोटो सान्स देवनागरी, बलू हे फॉन्ट युनिकोडचे आहेत आणि विनामूल्य मिळतात. जुन्या फॉन्टातल्या फाइली असतील तर परिवर्तकातून, म्हणजे मजकूर बदलून देणाऱ्या साधनातून, एकदाच युनिकोडमध्ये आणा. आणल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, कारण चुका बहुतेक तिथेच होतात.

आणखी एक बारकावा फार कमी जणांना ठाऊक असतो. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो : एका तऱ्हेत ते एकच अक्षर असतं, दुसरीत ‘अ’वर चंद्र दिलेला असतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे वाटू शकतात. एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही. गटात काम असेल तर सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, एवढं पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.

*रेंज नसताना काय होतं?* मोबाईल विमान मोडवर टाका आणि ॲप उघडा. उघडतं का? कालचं काम दिसतं का? नवं लिहिता येतं का? सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. पण जळगाव शहरातही ऐन मे महिन्यात वीज गेली की घरातलं वायफाय जातं.

*बाहेर पडायचा रस्ता आहे का?* माझ्या लेखी ही सर्वांत मोठी तपासणी. साधनात एक छोटी नोंद किंवा स्लाइड करा आणि लगेच बाहेर काढून दाखवा. डाउनलोड कुठे आहे? कोणत्या प्रकारची फाइल मिळते? ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडते का? साधनं बंद पडतात. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारं गुगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. शिक्षकांचा आवडता जॅमबोर्ड फळा २०२४ च्या अखेरीस मिटला. वाचायचे लेख साठवायला लोक वर्षानुवर्षं वापरत होते ते पॉकेट ८ जुलै २०२५ ला थांबलं. ही काही लहानसहान नावं नव्हती. ज्यांनी आपला माल वेळेत बाहेर काढला त्यांचं काही बिघडलं नाही.

*पैसे आणि परवानग्या.* विनामूल्य म्हणजे कायमचं की चौदा दिवसांचं? सुरुवातीलाच कार्डाचा नंबर मागत असेल तर ते सहसा चाचणीपुरतं असतं. उजळणीच्या ॲपला तुमचे संपर्क आणि लोकेशन कशाला हवेत, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर सापडलं नाही तर परवानगी नाकारा.

तिसरी पायरी : सादरीकरणाचं साधन

आता पर्याय. एकट्याने करायचं आणि नेटवर विसंबायचं नसेल तर लिबरऑफिस इम्प्रेस घ्या. ते मोफत आहे, लॅपटॉपवर बसतं आणि पॉवरपॉइंटच्या फाइली उघडतं. पॉवरपॉइंट आधीच असेल तर तेच वापरा, बदलायचं कारण नाही. दोन्हींमध्ये फाइलीतच फॉन्ट जोडून ठेवायची सोय आहे, ती जरूर चालू करा. तीन-चार जण मिळून करणार असाल, एक चोपड्यात आणि एक धुळ्यात, तर गुगल स्लाइड्ससारखं सोयीचं काही नाही. मात्र तिची ऑफलाइन सोय नेट असतानाच आधी चालू करून ठेवावी लागते, हे कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर आठवून उपयोग नाही. एकच पोस्टर, निमंत्रण किंवा व्हॉट्सॲपवर फिरवायचं माहितीचित्र असेल तर कॅनव्हा. तिथे देवनागरीचाच फॉन्ट निवडा, आणि मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं सशुल्क असतात हे आधी पाहून घ्या, नाहीतर मेहनत संपल्यावर पैसे मागितले जातात. शालेय शिक्षकांना ओळख पटवून कॅनव्हाची शैक्षणिक आवृत्ती विनामूल्य मिळते.

साधन कोणतंही असो, खानदेशातल्या दुपारी पडद्यावर काय दिसेल हे वेगळंच गणित आहे. मंडपात उजेड असतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं घरी झोकदार दिसतात, मंडपात नाहीशी होतात. पांढऱ्यावर काळं ठेवा. अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको. मराठीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त सोडा.

करप्याचं सादरीकरण मी आता असं करतो. एका स्लाइडवर एकच गोष्ट. पहिलीत खालच्या पानावरच्या बारीक पिवळसर रेषा. दुसरीत त्याच रेषांचे झालेले तपकिरी डाग. तिसरीत डाग एकमेकांत मिसळून करपलेलं पान. चौथीत रोगट भाग कापून बागेबाहेर नष्ट करणारा हात. फोटो आपल्याच शिवारातले. मजकूर तीन-चार शब्द, बाकी तोंडाने. पंचवीसच्या आता आठ स्लाइड झाल्या आहेत आणि प्रश्न मात्र जास्त येतात.

निघताना पिशवीत काय असावं? मूळ फाइल आणि तिची पीडीएफ, दोन्ही पेन ड्राइव्हवर. तीच पीडीएफ मोबाईलमध्ये. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए वायर लागते आणि नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं, म्हणून जोडणी देणारा छोटा अडॅप्टर. व्हिडिओ दाखवायचा असेल तर तो स्वतंत्र फाइल म्हणूनही जवळ असू द्या, यूट्यूबच्या लिंकच्या भरवशावर राहू नका. आणि शेवटचा पर्याय म्हणून चार पानी छापील पत्रक. वीज गेली तर तेवढ्यावर बैठक होते.

मूळ फाइलही न्या असं म्हणतो त्यालाही कारण आहे. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की अनेकदा मात्रा विस्कटतात. पीडीएफ दाखवायला आणि छापायला उत्तम, पुन्हा काम करायला ती कच्ची.

चौथी पायरी : शिकणं आणि शिकवणं

इथे लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात : शिकण्याचं साहित्य मिळवणं, ते लक्षात ठेवणं आणि वर्गात वापरणं.

साहित्यासाठी शालेय मुलांनी दूर जायची गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ तिच्या संकेतस्थळावर आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी ॲपने वाचला की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि ते आधी उतरवून ठेवता येतं. महाविद्यालयीन मुलांसाठी ‘स्वयं’ हे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ आहे. तिथे शिकणं मोफत असतं, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर शुल्क भरावं लागतं. मराठी विश्वकोश आणि मराठी विकिपीडिया हाताशी असू द्या, मात्र विकिपीडियावरचा लेख वाचताना खालचे संदर्भ आहेत की नाहीत हे बघायची सवय मुलांना लावा.

सातपुड्यातल्या शाळांसाठी किविक्स हे साधन मला मोलाचं वाटतं. त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलीत उतरतो. शहाद्याला किंवा तळोद्याला चांगलं नेट असताना एकदा फाइल उतरवायची, मेमरी कार्डावर घ्यायची, मग पाड्यावर नेट नसतानाही वाचता येते आणि एका मोबाईलवरून दुसऱ्यावर देता येते. फेट नावाचे विज्ञानाचे प्रयोगही असेच उतरवून ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालवता येतात. विजेचा परिपथ (सर्किट) जोडून बघणाऱ्या मुलांचे चेहरे एकदा पाहिलेत तर तुम्ही ही खटपट पुन्हा आनंदाने कराल.

लक्षात ठेवण्यासाठी व्हिडिओ पुरत नाहीत. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि आठवड्याने आठवत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी अँकी सुचवतो. ते आपण केलेल्या प्रश्नपत्त्या (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) बरोबर विसरायच्या सुमाराला पुन्हा समोर आणतं. आठवलं तर पुढची खेप लांबते, नाही आठवलं तर लवकर येते. संगणकावर ते विनामूल्य आहे. अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ याच नावाचं घ्या, कारण मिळत्याजुळत्या नावांची दुसरी ॲप बरीच आहेत. आयफोनवर पैसे पडतात.

पत्ती कशी करायची, यावर सगळं अवलंबून आहे. ‘तापीच्या सर्व उपनद्या सांगा’ ही वाईट पत्ती. थोड्या आठवल्या आणि थोड्या राहिल्या तर बरोबर म्हणायचं की चूक? ती फोडा. ‘पूर्णा तापीला कुठे मिळते?’ उत्तर : चांगदेव. ‘तापीचा उगम कुठे?’ उत्तर : मुलताई, जिल्हा बैतूल. ‘गिरणा कोणत्या नदीला मिळते?’ एका पत्तीवर एकच उत्तर. दुसऱ्याने केलेल्या हजार तयार पत्त्यांपेक्षा स्वतः केलेल्या दोनशे जास्त कामाच्या, कारण पत्ती करता करताच निम्मं पाठ होतं. दिवसाला दहा नव्या पुरेत. पहिल्याच दिवशी शंभर घालणारी मुलं तिसऱ्या आठवड्यात उजळणीच्या ढिगाखाली दबतात आणि सोडून देतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वर्गात प्रश्नमंजुषा घ्यायची तर बहुतेक प्रसिद्ध साधनांना प्रत्येक मुलाच्या हातात मोबाईल लागतो. तो आपल्याकडे नसतो आणि नसावाही. प्लिकर्समध्ये मुलांकडे फक्त छापील कागद असतो. कागद फिरवून उत्तर धरायचं आणि शिक्षकाने आपल्या मोबाईलच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपायचा. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीचं उत्तरही त्यात येतं, म्हणून मला ते आवडतं.

एआयवर चालणाऱ्या गप्पांच्या साधनांबद्दल थोडक्यात. अवघड उतारा सोप्या भाषेत समजून घ्यायला ती उपयोगी आहेत. नावं, सनावळ्या आणि स्थानिक माहितीसाठी त्यांच्यावर विसंबू नका. चुकीचं उत्तरही ती तितक्याच ठामपणे देतात. उत्तर पुस्तकात शोधून मिळालं तरच वहीत उतरवायचं, असा नियम ठेवा.

पाचवी पायरी : माहितीची साठवण

‘तुना मोबाईलमा काय शे?’ असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकांचं खरं उत्तर एकच : सगळं व्हॉट्सॲपमध्ये. जीआर तिथे, बाजारभाव तिथे, आजीचा आवाज तिथे. व्हॉट्सॲप निरोपासाठी चांगलं आहे, साठवणीसाठी नाही. तिथे फोटो दाबून लहान होतात, जुन्या फाइली काही दिवसांनी उघडत नाहीत आणि मोबाईल बदलताना बॅकअप चुकला की सगळंच जातं.

साठवणीच्या तीन जागा ठरवा : येणाऱ्याची, राहणाऱ्याची आणि जपणुकीची. दिवसभर जे येईल ते येणाऱ्याच्या जागी टाका. गुगल कीप हे टिपणांचं ॲप चालेल, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवलात तरी चालेल. रविवारी सकाळी अर्धा तास बसून त्यातलं कामाचं राहणाऱ्याच्या जागी हलवा, बाकीचं पुसा. हा अर्धा तास ज्याला जमत नाही त्याला कुठलंही महागडं ॲप वाचवू शकत नाही.

राहणारी जागा म्हणजे साधे फोल्डर आणि नीट नावं. नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, फाइली आपोआप क्रमाने लागतात. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल २’ ही नावं कायमची सोडा. विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांनी झोटेरो घ्यावं. ते लेख, पुस्तकं आणि वेबपानं तपशिलासकट साठवतं आणि प्रबंधात संदर्भसूची स्वतः लावून देतं. साठा तुमच्या संगणकावर राहतो, ऑनलाइन मोफत जागा मात्र ३०० एमबीच आहे. महत्त्वाचं वेबपान सापडलं की त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करा, कारण सरकारी संकेतस्थळं नव्या रूपात आली की जुने पत्ते मरतात.

आता कानबाईच्या गीतांकडे येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर बाया गातात आणि ती गीतं बहुतेक कुठे लिहिलेली नसतात. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलाने आणि नातलगाने त्यांच्या ओव्या कागदावर उतरवल्या, म्हणून १९५१ मध्ये त्या गेल्यावरही ओव्या राहिल्या. आज प्रत्येक घरात रेकॉर्डर आहे. तेवढी सोय असून गाणं हरवू द्यायचं नाही, असं मला फार मनापासून वाटतं.

पद्धत अशी. मोबाईलच्या रेकॉर्डर ॲपमध्ये आवाजाचा सर्वांत चांगला दर्जा निवडा. पंखा बंद करा. सुरुवातीला गाणाऱ्या आजींच्याच आवाजात नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकल्या आणि हे इतरांना ऐकवायला हरकत नाही ना, हे टिपून घ्या. हरकत असेल तर रेकॉर्डिंग घरातच राहील असं सांगा आणि तो शब्द पाळा. फाइल व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ प्रत मिळते. मग एका तक्त्यात प्रत्येक गीताची एक ओळ : फाइलचं नाव, पहिली ओळ, गाव, तारीख, परवानगी. गीताचे शब्द हाताने टाइप करा. बोलून टाइप करायची सोय प्रमाण मराठीसाठी आहे. अहिराणी ओळीतून ती स्वतःच्या ओळखीचा भलताच शब्द काढते आणि ‘आंडेर’ (मुलगी) सारखा शब्द, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, नेमका तोच हरवतो. ‘शे’चं ‘आहे’ करू नका. आजी जसं म्हणाल्या तसंच लिहा.

जपणुकीचा ठोकताळा जुना आणि पक्का आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क आणि क्लाउड, म्हणजे नेटवरची साठवण. गुगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि तिच्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो असं सगळं मोजलं जातं. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसू शकतं. म्हणून एक प्रत चाळीसगावच्या मावशीच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर असणं हीसुद्धा उत्तम व्यवस्था आहे. वर्षातून एकदा ती जोडून फाइली उघडतात का ते बघा.

सहावी पायरी : पंधरा दिवस चालवून बघणं

निवडलेल्या साधनावर पंधरा दिवस एकच छोटं, खरं काम करा. गीतं असतील तर पाचच. पत्त्या असतील तर एका प्रकरणाच्या. सोळाव्या दिवशी तीन गोष्टी बघा : रोज उघडलं गेलं का, हवं ते मिनिटभरात सापडलं का, आणि सगळं बाहेर काढून दुसरीकडे उघडलं का. दोन ‘नाही’ आले तर सोडून द्या. पाचच गीतं आहेत तोवर ती हलवायला दहा मिनिटं लागतात, पाचशे झाल्यावर लोक हलवतच नाहीत.

आणि खातं कुणाच्या नावावर?

शाळेचं, बचतगटाचं किंवा मंडळाचं काम असेल तर हे आधी ठरवा. एका शाळेतल्या शिक्षकांनी सहा वर्षांचं साहित्य स्वतःच्या जीमेलवर ठेवलं होतं. बदली झाली, नंबर बदलला, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. सगळं अजून तिथेच कुठेतरी आहे आणि कुणालाच उघडता येत नाही. म्हणून संस्थेचं वेगळं खातं काढा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि पर्यायी मोबाईल नंबर दुसऱ्या जबाबदार व्यक्तीचा द्या. ही पडताळणी लावल्यावर मिळणारे आपत्कालीन कोड छापून, पाकिटात घालून, हजेरीपुस्तकं ठेवतात त्याच कपाटात ठेवा. मुलांची नावं आणि फोटो त्या खात्यावर चढवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या आणि ते कागदही त्याच पाकिटाशेजारी लावा. बदलीचा आदेश आला की पदभाराच्या यादीत किल्ल्यांच्या खाली एक ओळ वाढवा : डिजिटल खातं, पाकीट क्रमांक अमुक, मिळालं म्हणून सही.